मोडावयाची भिंत

जी भिंत संध्याकाळी पाडावयाची, ती सकाळी मन लावून का बांधावी, हा प्रश्न बांधकाम शिकणाऱ्या मुलाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. आमच्या मते हा प्रश्न त्या मुलाइतकाच आम्हां सुशिक्षितांनीही स्वतःस विचारण्यासारखा आहे.

कारागिरांच्या शिक्षणाची सरकारी योजना आपल्या देशात १९५० साली सुरू झाली. त्या योजनेतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत आहेत, आणि तेथे तंत्रनिकेतनेही आहेत. गवंडीकाम जेथे जेथे शिकविले जाते तेथे रीत बहुधा एकच असते. कमरेएवढी भिंत, तिचा एक कोपरा, दोन भिंतींचा जोड, फार तर एक लहानशी कमान. सिमेंटऐवजी चिखलाचा गिलावा वापरतात, म्हणजे विटा शाबूत निघतात. ओळंबा सोडावा, दोरी ताणावी, खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ देऊ नये, एवढे धडे झाले की भिंत पाडावयाची, विटा खरडून रचावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी पुनः आरंभ करावयाचा.

यावर जुन्या वळणाचे लोक म्हणतात की, हा सारा पोरखेळ आहे. पूर्वीचा गवंडी बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली खऱ्या कामावरच तयार होत असे. खानदेशातील मातीच्या धाब्याची घरे अशाच हातांनी उभी केली. हे खरे आहे. परंतु त्या काळी शिकाऊ पोराचा हात प्रथम कोठे चालू देत असतील, याचा विचार करावा. वाड्याच्या दर्शनी भिंतीवर तो खास चालू देत नसतील. गोठा, कुंपण, किंवा तक्रार करण्याची ज्याची ऐपत नाही अशा गरिबाची खोली, हीच त्याची पाटी. नवशिक्याच्या हातून चूक होणारच. ती कोणाच्या डोक्यावर पडावी, एवढाच प्रश्न उरतो. ज्या समाजात चुकण्यासाठी राखलेली जागा नाही, तेथे ती दुर्बळाच्या डोक्यावर पडते. म्हणून सरावाची भिंत ही आम्हांस केवळ शिक्षणाची सोय वाटत नाही. तीत न्यायाचाही अंश आहे.

भिंतीतील चूक किती काळ दडून राहते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. तेथील घरांच्या दगडी भिंती हात-दोन हात जाड होत्या आणि बाहेरून भक्कम दिसत होत्या. परंतु पुष्कळ भिंतींत आतला व बाहेरचा असे दोन पदर निराळेच उभे होते. त्यांमध्ये दगडगोटे व माती भरलेली होती, आणि दोन्ही पदरांना कवळून धरणारे आरपार लांब दगड घातलेले नव्हते. धरणी हलली तेव्हा ते पदर परस्परांपासून सुटले. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांत माणसे निर्धास्त निजली, कारण भिंतीचे अंतरंग कोणासच दिसत नव्हते.

येथेच मोडण्याचे महत्त्व ध्यानात येते. गिलाव्याखाली न जाता, जिचे अंतरंग बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उघडे होते, अशी भिंत ही एकच. विटा उचलताना कोणता सांधा पोकळ राहिला, कोठे अर्ध्या विटेऐवजी तुकडे कोंबले, हे लपत नाही. म्हणून ही भिंत शिपायाकडून पाडवून घेऊ नये. ज्याने बांधली त्यानेच ती थराथराने उकलावी आणि गुरुजींनी जवळ उभे राहावे. नुसता बाहेरून ओळंबा लावून गुण देणे म्हणजे वरवरच्या सफाईस बक्षीस देणे होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जेथे चुकीने कोणाचेच नुकसान होत नाही, तेथे जबाबदारी कशी अंगी बाणावी? या शंकेत तथ्य आहे. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंत्याची परीक्षा उतरलेले विश्वेश्वरय्या पुढील वर्षी मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले, तेव्हा आरंभीच त्यांच्याकडे धुळे भागात पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ नेण्याचे काम आले, आणि पावसाळ्याने त्यांची कसोटी पाहिली. नदीचा पूर कोणत्याही शाळेच्या अंगणात आणता येत नाही. पावसात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी तापीकाठची काळी जमीनही तेथे आणता येत नाही. सरावाच्या भिंतीची मर्यादा ती हीच. परंतु पुरापुढे उभे राहणाऱ्याला निदान आपल्या हाताचा भरवसा असावा लागतो, आणि कोणी पाहत नसताही सांधा भरण्याची सवय आधीच जडलेली असावी लागते. ती सवय खऱ्या कामाच्या घाईत लागत नाही.

आता थोडे आम्हां घर बांधविणाऱ्यांविषयी. आम्ही फरशीची नक्षी तासभर निवडतो, रंगाच्या दहा छटा पाहतो. पण विटा भिजविल्या होत्या काय, भिंतीवर पाणी किती दिवस मारले, हे क्वचितच विचारतो. मुलांच्या शिक्षणातही आमची दृष्टी अशीच गुणपत्रिकेच्या गिलाव्यावर खिळलेली असते. एखादा धडा मोडून पुनः मांडावयास त्यांना सवड देणे आम्हांस कालापव्यय वाटतो. गवंडीकाम शिकणारा मुलगा मात्र रोज आपले काम उकलून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच विटा पुनः हाती घेतो. त्याच्याच हातची भिंत उद्या आपल्या मुलाबाळांच्या उशाशी उभी राहणार आहे. तेव्हा त्याच्या सरावास लागणाऱ्या विटा, माती व वेळ यांचा खर्च समाजाने कुरकुर न करता सोसावा, असे आम्हांस वाटते.