टेबलापलीकडचा शेजारी

शास्त्रपाठ : १ करिंथकर १:१०-१७ व ३:४-९, रोमकर १६:१-१६



करिंथ येथील मंडळीत तट पडले आहेत, ही बातमी प्रेषित पौलाला ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून कळली. कोणी स्वतःला पौलाच्या बाजूचा म्हणवीत होता, कोणी अपुल्लोसाच्या, तर कोणी केफाच्या. काहींनी तर ख्रिस्ताचे पवित्र नावही आपल्या गटाची पाटी करून टाकली होती. हे ऐकून पौलाला आनंद झाला नाही. आपल्या नावाचा एवढा मोठा पक्ष निघाला म्हणून तो फुशारला नाही. उलट, क्रिस्प व गायस यांच्यासारख्या एकदोघांखेरीज आपण तेथे फारसा कोणाचा बाप्तिस्मा केला नाही, याबद्दल त्याने देवाचे आभार मानले.

या पत्राच्या अगदी शेवटी, सोळाव्या अध्यायात, एक लहानशी गोष्ट आहे. ती वाचताना आपण सहसा थांबत नाही. पौल लिहितो की, अपुल्लोसाने करिंथास जावे म्हणून मी स्वतः त्याला पुष्कळ आग्रह केला. बंधूंनो, याचा विचार करा. करिंथात पौलाचा पक्ष व अपुल्लोसाचा पक्ष एकमेकांची तोंडे पाहत नव्हते, त्याच वेळी इकडे पौल अपुल्लोसाला, 'तू त्यांच्याकडे जा' म्हणून विनवीत होता. ज्यांच्या नावाने भांडण चालले होते, त्या दोघांत भांडण नव्हतेच!

१. धनी एक होतात, अनुयायी भांडत राहतात

ही गोष्ट फक्त करिंथाची नाही. आज आपल्यापैकी पुष्कळांचा दिवस संगणकापुढे जातो, आणि तेथेही असेच पक्ष आहेत. कोणी ॲपलचा, कोणी मायक्रोसॉफ्टचा, कोणी लिनक्सचा. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण ज्यांनी अशा कचेरीत काम केले आहे त्यांना हे भांडण किती कडू होते ते ठाऊक आहे.

ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी ॲपलच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरला होता. कंपनीची स्थिती फार खालावली होती. स्टीव्ह जॉब्झ व्यासपीठावर आले आणि त्यांनी सांगितले की, मायक्रोसॉफ्ट आपल्या कंपनीत १५ कोटी डॉलर घालणार आहे. मग मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा झळकला. सभेतील पुष्कळांनी हुर्यो उडविली. ज्याच्याविरुद्ध आपण इतकी वर्षे भांडलो, तोच आपल्या कंपनीला हात देत आहे, हे त्यांना सोसवेना. तेव्हा जॉब्झ यांनी त्यांना समजाविले की, आपण जिंकायचे म्हणजे दुसऱ्याने हरलेच पाहिजे, ही कल्पना आता सोडून द्या. धन्यांनी हातमिळवणी केली होती. अनुयायी मात्र रागाने बसून होते.

पुढचे उदाहरणही तसेच आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या त्या वेळच्या प्रमुखाने लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१६ साली तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. तेव्हा तिच्या प्रमुखपदी होते आपल्या हैदराबादेस जन्मलेले सत्य नडेला. मधल्या पंधरा वर्षांत या दोन नावांवरून कितीतरी सहकाऱ्यांत अबोला झाला असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात शलमोन म्हणतो की, ज्या तंट्याशी आपला संबंध नाही त्यात पडणारा मनुष्य वाटेने जाणाऱ्या कुत्र्याचे कान धरणाऱ्यासारखा आहे. कान धरून ठेवणेही कठीण, आणि सोडावे तर चावण्याची भीती!

२. झेंडा गेला, शेजारी उरला

येथे मला माझेच एक पाप कबूल केले पाहिजे.

मी वडोदऱ्यात एका कचेरीच्या हिशेब खात्यात नोकरीस होतो. आमच्याकडे संगणक आले तेव्हा माझे वय शिकण्याचे राहिले नव्हते. तरी मोठ्या कष्टाने मी लोटस १-२-३ शिकलो. काळा पडदा, तिरपी रेघ दाबली की वर उघडणारी यादी, आणि बोटांवर बसलेल्या आज्ञा. त्याचा मला अभिमान होता. काही वर्षांनी खात्यात एक तरुण आला. तो एक्सेलवर काम करी. त्याचे काम चांगले होते, हे मला पहिल्याच महिन्यात समजले होते. पण मी सर्वांदेखत म्हणालो, "उंदीर हातात धरून कुठे हिशेब होतात काय?" सगळे हसले. तोही थोडा हसला.

त्या दिवसापासून खात्यात लोटसवाले आणि एक्सेलवाले असे दोन तट पडले. चहा वेगळा, डबा वेगळा. त्याच्या तक्त्यात एखादी चूक सापडली की मी ती मोठ्याने वाचून दाखवी. माझी चूक निघाली तर ती यंत्राची असे.

एका मार्चअखेरीस तो एकाएकी येईनासा झाला. कामाचा डोंगर पडला होता. मी म्हणालो, "ऐन वेळी पळाला. नवीन यंत्राला हिशेब जमला नसेल." बारातेरा दिवसांनी तो कामावर आला, तेव्हा त्याचे डोके मुंडन केलेले होते. त्याचे वडील वारले होते. खात्यातील एक्सेलवाल्यांना ते ठाऊक होते. आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. त्याचे टेबल माझ्या टेबलापासून चार हातांवर होते. मी जाऊन रीतीप्रमाणे दोन शब्द बोललो. त्याच्यामागे मी जे बोललो होतो, त्याची क्षमा मात्र मागितली नाही.

ज्या लोटससाठी मी हे केले त्याचे काय झाले? १९८३ साली बाजारात आलेले ते सॉफ्टवेअर एके काळी जगभर चालत होते. १९९५ साली ती कंपनी आय.बी.एम.ने विकत घेतली, आणि २०१४ साली त्याला मिळणारा आधारही बंद झाला. आज माझ्या नातवाला त्याचे नावही ठाऊक नाही. झेंडा गेला, त्या झेंड्यासाठी दुखावलेला शेजारी मात्र उरला.

हत्यार चांगले कोणते याची चर्चा करणे हे पाप नाही. सुतार आपला रंधा पारखून घेतो, शिंपी आपली कात्री. आपल्या कामात निपुण असावे हे तर शास्त्राचेच शिक्षण आहे. पण हत्याराच्या नावावरून मी माणसाची किंमत ठरवू लागलो, की ते हत्यार माझ्या हातातून निघून माझ्या अंतःकरणात जाऊन बसते. तेथे बसण्याचा अधिकार दुसऱ्याचा आहे.

३. सर्वांना पाठविलेले कोणालाच पोहोचत नाही

शेजारी हरवण्याची आणखी एक रीत आहे. त्यात भांडण नसते, आणि आपण चांगले करीत आहोत असेही वाटते.

३ मे १९७८ रोजी अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गृहस्थाने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदम पाठविली. कोणी ती मागितली नव्हती. पुष्कळांनी तक्रार केली. न मागता आलेल्या अशा पत्रांना पुढे 'स्पॅम' हे नाव पडले. हे मूळचे १९३७ सालापासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० साली इंग्लंडच्या दूरदर्शनवर एक विनोदी प्रवेश झाला. त्यात हा एकच शब्द इतक्यांदा व इतक्या मोठ्याने उच्चारला जातो की, बाकी कोणाचे बोलणेच ऐकू येत नाही. त्यावरून हे नाव चिकटले. नाव किती योग्य आहे पाहा! स्पॅमचा दोष तो खोटा असतो एवढाच नव्हे. तो खरे बोलणे बुडवून टाकतो. त्यात पाठविणाऱ्याला काही खर्च येत नाही. वेळ जातो तो वाचणाऱ्याचा.

सेवानिवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी फुलांच्या चित्रावर वचन घालून व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. २०१८ साली खोट्या बातम्यांमुळे आपल्या देशात माणसे मारली गेली, तेव्हा एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल असे बंधन आले. मी त्यातूनही वाट काढली. ब्रॉडकास्ट यादी केली. दीडशेच्या वर नावे. कोणी आजारी, कोणाच्या घरी लग्न, कोणाचा मुलगा परदेशी गेलेला. सर्वांना एकच फूल आणि एकच वचन. मला वाटे, मी सेवा करीत आहे.

त्या यादीत तो एक्सेलवालाही होता. एके दिवशी त्याचे उत्तर आले : "साहेब, आपला संदेश रोज येतो. पण आपण मला लिहिले आहे असे कधी वाटले नाही. आपली तब्येत कशी आहे?"

मी ते पुष्कळ वेळ पाहत बसलो. त्याच्या मनाला काय वाटते, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते. त्याने मात्र माझी तब्येत विचारली.

प्रभू येशूने प्रार्थनेविषयी शिकविताना व्यर्थ बडबडीविरुद्ध इशारा दिला आहे. पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजू नका, असा त्या शिक्षणाचा आशय आहे. जे देवाशी बोलताना खरे, ते शेजाऱ्याशी बोलताना खरे नाही काय? उपासनेची वेळ किंवा सभेची सूचना सर्वांना कळवावी, त्यात काही गैर नाही. पण 'हा संदेश दहा जणांना पाठवा, नाही तर आशीर्वाद जाईल' असली पत्रे प्रभूच्या नावाने फिरविणे म्हणजे त्याच्या कृपेला धमकीचे रूप देणे होय. ते आपण आजच बंद करावे.

४. नावाने मारलेली हाक

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा गाळून वाचतो. त्यात नुसती नावे आहेत, असे आपण म्हणतो. होय, नावेच आहेत; वीसाहून अधिक! पौल तोपर्यंत रोमला गेलाही नव्हता. तरी पाहा : प्रिस्क व अक्विला यांनी आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, हे त्याला आठवते. मरीयेने किती श्रम केले, हे आठवते. अपैनत हा आसियातील पहिल्या फळांपैकी, हे आठवते. रूफाच्या आईने आपल्यालाही आईची माया दिली, हे आठवते. पुष्कळ नावांपुढे एकेक आठवण आहे. असे पत्र दीडशे जणांना एकदम पाठविता येत नाही. ज्याने तारणाचा एवढा गहन सिद्धांत लिहिला, त्याला शेवटी एकेकाची विचारपूस केल्यावाचून लेखणी ठेववली नाही.

आणि हे तो आपल्या धन्याकडूनच शिकला. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. तो कळपाला हाक मारीत नाही. जक्कयाला झाडावरून खाली बोलाविले ते नाव घेऊन. बागेत रडणाऱ्या मरीयेने त्याला ओळखले तेही आपले नाव ऐकून.

त्या संदेशानंतर मी दांडिया बाजारात त्याच्या घरी गेलो. चहा झाला. भिंतीवर त्याच्या वडिलांची तसबीर होती. मी तिच्याकडे पाहून, त्या मार्चअखेरीस काय बोललो होतो ते सांगितले आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं, साहेब." मग बराच वेळ गप्प राहून त्याने वडिलांच्या शेवटच्या आजाराची हकीकत सांगितली. ती ऐकायला मला वीस वर्षे उशीर झाला होता. प्रभूने मला तेवढा वेळ दिला, ही त्याची दया.

प्रिय वाचकहो, उद्या सोमवारी कचेरीत गेल्यावर, ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्याच्या टेबलापाशी जा आणि घरची मंडळी कशी आहेत ते विचारा. सकाळी सर्वांना एक फूल पाठविण्याऐवजी एका माणसाला, त्याचे नाव घालून, चार ओळी लिहा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, मुले एकमेकांना 'तुझ्या बाबांचा फोन कसला' असे विचारून हिणवितात, तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नका. करिंथाची सुरुवात तेथेच होते. त्या दिवशी वर्गात रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचून घ्या, आणि प्रत्येक मुलाला न आलेल्या एका सोबत्यास त्याच्या नावाने पत्र लिहू द्या.

पौल रोपणारा, अपुल्लोस पाणी घालणारा, वाढविणारा देव. जो आपणा प्रत्येकाला नावाने ओळखतो, तो आपल्याला शेजाऱ्याचे नाव शिकवो. आमेन.