प्राक्तन आणि पाऊल

जांबोटीच्या परिसरात, जेथे सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस महिनोन्महिने उसंत घेत नाही आणि बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाकडे निघालेला रस्ता रानातून वाट काढीत जातो, तेथे एखादे मूल आत वळलेली पावले घेऊन जन्मास आले, की त्याची कैफियत ऐकली जाण्यापूर्वीच निवाडा झालेला असतो. आईने ग्रहण पाळले नाही, नाहीतर मागच्या जन्मीचे काही देणे राहिले होते. ज्याने पृथ्वीवर अद्याप एक पाऊलही टाकलेले नाही त्या जीवास अपराधी ठरविणारा हा निवाडा आपल्या धर्मविचारास खरोखर मान्य आहे काय?

हजारांत साधारण एका अर्भकाच्या वाट्यास हे व्यंग येते. मुलग्यांत ते मुलींच्या दुपटीने आढळते. त्याचे एकच एक कारण संशोधनास सापडलेले नाही. ग्रहणाशी मात्र त्याचा काडीचाही संबंध नाही. पूर्वी शल्यविशारदांचा भर बंध छेदून, सांधे मोकळे करून पाऊल सरळ करण्यावर असे. ते सरळ दिसे, पण वाढत्या वयाबरोबर ताठर आणि दुखरे होई. स्पेनच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केलेले आणि पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात स्थिरावलेले डॉ. इग्नासियो पोन्सेती यांनी या निष्फळ शस्त्रक्रियांचाच कसून तपास केला, आणि अर्भकाची हाडे बव्हंशी कूर्चेची व बंध लवचिक असतात या साध्या सत्यावर आपली पद्धती उभारली. घोट्याच्या हाडास अंगठ्याचा आधार देऊन उरलेले पाऊल हळूहळू बाहेर वळवायचे आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. दर आठवड्यास ते बदलायचे. अशी पाच-सहा प्लास्टरे झाली, की बहुतेकांच्या टाचेवरच्या कंडरेस एक लहानसा छेद देऊन तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर घालतात. त्यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला, तरी व्यवसायबंधूंनी तिकडे दीर्घकाळ फारसे लक्ष दिले नाही. १९९५ साली, या रीतीने उपचार झालेल्यांची सुमारे तीस वर्षांनंतरची पावले तपासली गेली, तेव्हा ७८ टक्क्यांची स्थिती उत्तम वा चांगली ठरली. जन्मतः निर्दोष पावलांच्या माणसांत हेच प्रमाण ८५ टक्के होते.

आता प्राक्तनाचे काय? चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशास उत्तर देताना आत्रेयांनी पूर्वदेहातील कर्मास दैव आणि या देहातील कर्मास पुरुषकार म्हटले आहे, आणि दुर्बल दैवावर पुरुषकार मात करतो असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. सर्व काही आधीच नियत असते तर औषधाचे वा मंत्राचे प्रयोजनच उरले नसते, हा त्यांचा युक्तिवाद. माझ्या मते यातून एक गोष्ट अपरिहार्यपणे निष्पन्न होते: दैव बलवान की दुर्बल, याचा दाखला कोणत्याही दप्तरात आगाऊ मिळत नाही, पुरुषकार पणास लावल्यावाचून तो कोणासही देता येत नाही. अवघ्या काही आठवड्यांच्या प्लास्टरांनी जे पाऊल वळते, त्याला अढळ प्राक्तन म्हणणे हा कर्मसिद्धान्ताचाच अपमान होय.

आणि हा पुरुषकार एकट्या डॉक्टरचा नसतो. शेवटचे प्लास्टर निघाल्यावर दोन बुटांना जोडणारी पट्टी पहिले तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि पुढे बाळ चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री त्याच्या पायांत राहावी लागते. ती सुटली की व्यंग उलटण्याचा संभव फार. भर आषाढात, भिजू नये म्हणून प्लास्टर कापडात गुंडाळून, शेतीची कामे टाकून आठवड्याच्या आठवड्यास बेळगावचा दवाखाना गाठणारी आणि रडत्या मुलाच्या पायांतली पट्टी रात्री न सोडणारी आई हीच त्या उपचाराची खरी मुखत्यार असते. ग्रहणाचा दोष जिच्या माथी मारला जातो तीही हीच. कोणी माउलीदेवीच्या देवळात गाऱ्हाणे घालून निघत असेल, तर त्यात मला विसंगती दिसत नाही. गाऱ्हाणे घालून घरीच बसणे मात्र मला मान्य नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नवजातांची जी तपासणी होते तीत या व्यंगाचाही समावेश आहे. तेव्हा निदान उशिरा झाले ही सबबही आता सहसा उरू नये.

अष्टावक्राची कथा कीर्तनांतून सर्वांनी ऐकलेली असते, पण तिचे दोन भाग सहसा विस्मृतीत जातात. महाभारताच्या वनपर्वात त्याचे अंग वाकडे झाले ते त्याच्या पूर्वकर्माने नव्हे, गर्भातून पित्याच्या पठनातील चूक दाखविल्यामुळे संतापलेल्या पित्याच्या शापाने. आणि त्याच पित्याच्या सांगण्यावरून समंगा नदीत स्नान केल्यावर ते सरळही झाले. देह वाकडा असला तरी ज्ञान वाकडे नसते, हे त्याच्या चरित्रातून सांगणाऱ्या परंपरेनेच देह सरळ होण्यासही मोल दिले आहे. मात्र जनकाच्या यज्ञमंडपात बंदी नावाच्या पंडितास त्याने वादात जिंकले, ते स्नानापूर्वी, त्याच वाकड्या देहाने. ज्या थोड्या मुलांची पावले सर्व प्रयत्नांनंतरही पूर्ण वळत नाहीत, त्यांच्याविषयी गावाने कसे वागावे, हे मी या क्रमावरूनच ठरवितो.