साखळीतील शेवटचा दुवा

घरातील वस्तू माणसाने केव्हा बदलावी? ती मोडल्यावर, की तिच्याहून चांगली वस्तू बाजारात आल्यावर? प्रश्न साधा वाटतो; पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे: चांगली म्हणजे कोणासाठी चांगली? एका जुन्या स्टीरिओच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हांला थोडे ओशाळेही व्हावे लागले.

हा स्टीरिओ आमच्या वडिलांनी १९८४ साली घेतला. एक रेकॉर्ड-प्लेअर, एक ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांतील दोन स्पीकर एवढाच त्याचा संसार. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने, लताबाईंची गाणी, लोर्नाची कोकणी गीते, नाताळची गीते, सारे काही आमच्या घराने याच पेट्यांतून ऐकले. चाळीस वर्षांनंतर मात्र खर्जाचा स्वर फाटू लागला, आवाजाचे बटण फिरवताच खरखर होऊ लागली आणि तबकडी मधूनच रेंगाळू लागली. या कामासाठी आम्ही ३०,००० रुपये बाजूला ठेवले होते. दुकानदाराने नव्या संचाची किंमत ५५,००० रुपये सांगितली आणि वरच्या रकमेचे हप्ते बांधून देण्याची तयारी दाखविली.

हप्त्यांचा मोह मोठा असतो. हप्ता माणसाला निवडीच्या कष्टातून सोडवितो. सारेच आज हाती येते आणि भार तेवढा उद्यावर जातो. आम्ही तीस हजारांच्या आतच राहावयाचे ठरविले. तसे ठरविताच एक गोष्ट अपरिहार्य झाली. आधी काय आणि मग काय, याचा क्रम लावणे भाग पडले.

या शास्त्रातील जाणकारांचा एक साधा नियम आहे. ध्वनी एका साखळीतून प्रवास करतो. रेकॉर्डच्या खाचेतून सुईकडे, सुईकडून ॲम्प्लिफायरकडे, तेथून स्पीकरकडे आणि स्पीकरमधून खोलीत. साखळीतील जो दुवा सर्वांत कच्चा, तो आधी सुधारावा. इतरत्र ओतलेला पैसा वाया जातो. ॲम्प्लिफायरची शक्ती ३० वॅटवरून ६० वॅट केली, तर ध्वनीची पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटावयाचा, तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. अर्थात जाहिरातीतील मोठे आकडे पाहून आम्ही हरखून जात होतो, ते बव्हंशी व्यर्थच.

म्हणून आम्ही गावातील एका वृद्ध कारागिराला बोलाविले. त्याने पेटी उघडून दाखविली. स्पीकरच्या कागदी पडद्याभोवतीची फोमची कडी आमच्या किनाऱ्याच्या दमट हवेने भुसा झाली होती. पडदा मात्र शाबूत होता. तबकडी फिरविणारा रबरी पट्टा सैल पडला होता. सुई झिजली होती, आणि झिजलेली सुई रेकॉर्डची खाचही बिघडविते. नव्या कड्या, नवा पट्टा, नवी सुई, बटणांची सफाई आणि त्याची मजुरी मिळून खर्च आला ४,६०० रुपये. जाता जाता त्याने एक सुधारणा फुकट सांगितली. स्पीकर कोपऱ्यात खुपसून ठेवल्याने खर्ज घुमतो आणि शब्द बुडतात. ते भिंतीपासून पुढे ओढा आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधा. आम्ही कपाट हलविले. त्या संध्याकाळी वडिलांच्या रेकॉर्डी जणू नव्याने दाबून आल्यासारख्या वाजल्या.

आता २५,४०० रुपये उरले होते. नवे स्पीकर घ्यावेत की काय, असा विचार मनात घोळत असतानाच आमची ८२ वर्षांची आई आपल्या खोलीत निघून गेली. अलीकडे ती असेच करी. गाणे सुरू झाले की उठून जाई. वयामुळे तिची गोडी संपली, असे आम्ही धरून चाललो होतो. तिने ऐकावे म्हणून आम्ही आवाज वाढवीत असू. मग तर ती लवकरच उठे. “सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात,” ही तिची तक्रार आम्ही हसण्यावारी नेली होती.

साखळी मोजताना आम्ही खोलीपर्यंत येऊन थांबलो होतो. खोलीच्या पलीकडे कान असतो, हे ध्यानातच आले नाही. वाढत्या वयात कानातून प्रथम उंच स्वर निघून जातात. त्यांच्याबरोबर स, श, फ यांसारखी व्यंजनेही विरतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. सुईची झीज ज्या कानांनी आम्ही बारकाईने टिपली, त्याच कानांना आईचे वाक्य दोन वर्षे ऐकू आले नव्हते.

श्रवणतज्ज्ञांनी तपासणी केली. एका कानाच्या यंत्राला २४,००० रुपये लागले. आम्ही काही मोठा त्याग केला, असे म्हणवत नाही. हा खर्च आधीच व्हावयास हवा होता. शिवाय सारे सुरळीत झाले, असेही नाही. अशी यंत्रे मुख्यतः बोलण्यासाठी जुळविलेली असतात. पहिल्या दिवशी आई म्हणाली, “गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं.” पुन्हा जाऊन संगीतासाठी वेगळी जुळवणी करून घ्यावी लागली.

संगीतावरील खर्च ही चैन आहे, असे आमचे मत नाही. सुंदर ध्वनीची ओढ ही माणसाच्या चांगल्या ओढींपैकी एक. तथापि ज्याच्यापाशी अमाप पैसा आहे, त्याला ‘आधी काय’ हा प्रश्न पडत नाही. ज्याच्यापाशी मोजका आहे, त्याला तो टाळता येत नाही. आधी कोणाचे, मग कोणाचे, हा क्रम लावणे हेच नीतीचे निम्मे काम नव्हे काय? मोजक्या पैशाने आम्हांला पेटी उघडावयास लावली. आणि पेटी उघडल्यावर पुढचे दुवे मोजणे ओघानेच आले. हप्त्यांवर नवा संच आणला असता, तर घरात झगमगाट आला असता, आणि आई तशीच उठून गेली असती.

परवा रविवारी दुपारी भजनाची रेकॉर्ड लावली. आई त्रिकोणाच्या टोकाला, वडिलांच्या खुर्चीत बसली होती. सवयीने आम्ही बटण थोडे पुढे फिरविले. तिने मान वळवून पाहिले आणि म्हणाली, “अरे, आवाज जरा कमी कर. मला येतंय ऐकू.”