वाड्याबाहेरची मेंढरे



ब्रिटनमध्ये अनेक मेंढपाळ निरोगी नवजात कोकरांनाही सरसकट प्रतिजैविक औषध पाजत. हेतू चांगलाच होता : ई. कोलाय जंतूंच्या जीवघेण्या रोगापासून कोकरू वाचावे. पण औषधाला पुरून उरलेले जंतूच वाढतात. मग खऱ्या आजारात ते औषध चालत नाही. असे जंतू माणसांपर्यंतही पोहोचू शकतात. खरे तर वेळेवर पाजलेला आईचा चीक आणि स्वच्छ वाडा, हेच कोकराचे पहिले संरक्षण.

आपले कोकरू जपताना दुसऱ्याचे औषध निकामी होत असेल, तर ती माया पुरी म्हणावी का? औषधाची शक्ती ही सर्वांची ठेव आहे. आपणही साध्या सर्दीला डॉक्टरांना न विचारता उरलेल्या गोळ्या घेतो. उत्तम मेंढपाळाला या वाड्याबाहेरच्या मेंढरांचीही चिंता होती. आपल्याला आहे का?