अभिजाताचा वारसा आणि यादीतील देह

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गपुस्तिकेत कल्याणनंतरच्या बंदरांमध्ये ‘सेमिल्ला’चे नाव येते. हे सेमिल्ला म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, कुंडलिकेच्या मुखाजवळचे चौल, असे सामान्यतः मानले जाते. त्याच यादीतील ‘पालैपत्माई’ हे नाव काही अभ्यासकांनी महाडजवळच्या पाले गावाशी जोडले आहे. म्हणजे ज्या किनाऱ्यावरील विद्यार्थी आज मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ॲरिस्टॉटल वाचतो, तो किनारा ग्रीक लेखनात पूर्वीच नोंदला गेला आहे. या योगायोगातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो: जी संस्कृती आपला वारसा नाही, तिच्या अध्ययनाचा अधिकार कशातून प्राप्त होतो आणि त्या अधिकारासोबत कोणते दायित्व येते?

या प्रश्नाला आपल्याकडे सहसा दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर आदराचे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने ग्रीक-रोमन विद्या स्वीकारली ती इंग्रजी शिक्षणाच्या द्वारे. ‘अभिजात’ या कोटीला चिकटलेला अधिकारही त्याच द्वाराने आत आला. दुसरे उत्तर अभिमानाचे. रोमची मद्यपात्रे आपल्या बंदरांवर उतरत होती, तेव्हा तो इतिहास आपलाही आहे, असे ते सांगते. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही भूमिकांचे गृहीतक एकच आहे. अध्ययनाचा अधिकार वारशातून येतो, असे दोघींनाही वाटते. एकीला तो उसना घ्यावासा वाटतो, दुसरीला तो सिद्ध करावासा वाटतो. वारशाच्या या भाषेत एक गोष्ट मात्र दृष्टीआड होते, ती म्हणजे त्या संस्कृतीने ज्यांना माणूस म्हणून मोजलेच नाही त्यांची.

‘पेरिप्लस’चीच साक्ष घ्यावी. भडोचच्या राजासाठी आणावयाच्या मौल्यवान वस्तूंत रुपेरी पात्रे आणि उत्तम मद्य यांच्या जोडीला गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी रूपवती कुमारिका यांची नोंद आहे. इराणी आखाताकडील बंदरांतून भडोचकडे व अरबस्तानाकडे जाणाऱ्या मालात मोती, खजूर आणि सोने यांच्या पंक्तीला गुलाम आहेत. येथे मूळ ग्रीक शब्द ‘सोमाता’ असा आहे. त्याचा अर्थ ‘देह’. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या शॉफच्या इंग्रजी अनुवादात त्या जागी ‘गुलाम’ या अर्थाचा शब्द येतो. अनुवाद चुकीचा नाही. ग्रीक व्यवहारात त्या शब्दाला तो अर्थ होताच. तथापि ‘गुलाम’ म्हटले की निदान एका माणसाची सामाजिक स्थिती तरी सूचित होते. ‘देह’ म्हटल्यावर माणूसच वजा होतो. मूळ भाषेचे अध्ययन हा केवळ पांडित्याचा आग्रह नसून नैतिक गरज कशी ठरते, हे या एका शब्दावरून स्पष्ट व्हावे.

हीच वजाबाकी साहित्यशास्त्राच्या केंद्रस्थानीही आढळते. विंदा करंदीकरांच्या ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) या ग्रंथामुळे मराठी समीक्षेला परिचित झालेल्या त्या संहितेतील कॅथार्सिसची आणि अनुकृतीची चर्चा आपल्याकडे विपुल झाली आहे. परंतु पंधराव्या प्रकरणात पात्राच्या सद्गुणाविषयी बोलताना ॲरिस्टॉटल स्त्री आणि गुलाम यांच्यातही चांगुलपणा असू शकतो असे म्हणतो, आणि लगोलग स्त्री बहुधा कनिष्ठ, तर गुलाम सर्वथा हीन, अशी पुस्ती जोडतो. हा उल्लेख ओझरता म्हणून ओलांडून जाणे सोपे आहे. पण पात्रोचित्याचा विचार माणसांच्या प्रतवारीवर आधारलेला असेल, तर तो सिद्धान्ताच्या परिघावरचा डाग ठरत नाही. सिद्धान्ताच्या बांधणीतच त्याचे स्थान आहे.

यावर आक्षेप असा येईल की, वर्तमानाच्या मापाने भूतकाळ मोजणे हा ऐतिहासिक अन्याय होय. आक्षेप गंभीर आहे, पण येथे तो टिकत नाही. ‘राजनीती’च्या पहिल्या खंडात ॲरिस्टॉटलनेच नमूद केले आहे की, गुलामगिरी निसर्गसिद्ध नसून केवळ रूढीने निर्माण झालेली आणि म्हणून अन्याय्य आहे, असे मानणारे काही लोक होते. त्यांच्याशी वाद घालूनच तो आपला पक्ष मांडतो. याचा अर्थ तो प्रश्न आजच्या वाचकाने बाहेरून लादलेला नाही. त्या संस्कृतीतच तो विचारला गेला होता आणि तेथेच तो डावलला गेला.

या प्रश्नाचा धागा अनपेक्षितपणे पुन्हा रायगडच्या भूमीकडे येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांनी पाण्याचा हक्क बजावला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शालेय वयात संस्कृत नाकारले गेले होते आणि फारसी घ्यावी लागली होती. ‘अभिजात’ या शब्दाचा दारपाल कसा असतो, हे त्यांनी अनुभवले होते. पुढे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ (१९३६) या प्रबंधात त्यांनी रोमच्या इतिहासाचा आधार घेतला, तो ना आदराने ना अभिमानाने. प्लेबियनांना राजकीय पदे मिळूनही पॅट्रिशियनांच्या हातातील धर्माधिकाराने ती निष्प्रभ कशी केली, हे दाखवून धर्माची पकड सैल झाल्याविना राजकीय हक्क पोकळ राहतात, हा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या मांडणीत डेल्फीच्या कौलाचा उल्लेख आहे. रोमन पदाधिकाऱ्यांच्या बाबतीत निर्णायक होते ते रोममधलेच शकुनविधी. मात्र हा तपशील दुरुस्त केल्यावर युक्तिवाद ढासळत नाही, अधिक बळकट होतो. दोनांपैकी एक कॉन्सलपद प्लेबियनांना खुले झाले ते इ.स.पू. ३६७ मध्ये, शकुनवेत्त्यांच्या आणि पुरोहितांच्या मंडळांची दारे उघडली ती इ.स.पू. ३०० मध्ये. मधली ६७ वर्षे आंबेडकरांच्याच बाजूने साक्ष देतात.

येथे अध्ययनाच्या अधिकाराचे तिसरे उत्तर मिळते. अधिकार वारशातून येत नाही, तो प्रश्नातून येतो. ज्याला स्वतःच्या समाजातील प्रतवारी भोगावी लागली, किंवा तिचा लाभ आपल्या पदरी पडला हे ज्याला कळले, त्याला रोम आणि अथेन्स वाचण्यासाठी अन्य दाखल्याची आवश्यकता नाही. दायित्व मात्र दुहेरी आहे. संहितेशी प्रामाणिक राहण्यासाठी भाषा आणि तपशील यांचे कष्ट घ्यावे लागतात. आणि परक्या अभिजाताला विचारलेला प्रश्न स्वकीय अभिजातालाही त्याच कठोरपणे विचारावा लागतो. पहिले टाळले तर अध्ययन घोषणा बनते, दुसरे टाळले तर ते सोयीस्कर न्यायनिवाडा ठरते.

सेमिल्लाचे नाव ग्रीक पुस्तिकेत आहे, याचा आनंद रास्त आहे. त्या नावाबरोबर त्याच पुस्तिकेतील ‘देह’ हा शब्दही वाचण्याची तयारी असेल, तर विद्यापीठातील त्या अध्ययनाला अर्थ आहे.