कुलूप आणि प्रत

चोरीची व्याख्या आपल्याकडे फार थोडक्यात केलेली आहे. जे दिलेलं नाही ते घेणं म्हणजे चोरी. पाठशाळेतल्या पोरालाही ती पाठ असते. पण तिच्यातला अवघड शब्द 'घेणं' हा नाही, 'दिलेलं' हा आहे. दुकानदार पैसे घेऊन एखादी वस्तू आपल्या हातात ठेवतो, तेव्हा त्यानं नेमकं काय दिलेलं असतं?

लाटंबार्सेतल्या आमच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वीस-पंचवीस फ्लॉपी आहेत. सव्वापाच इंचांच्या, काळ्या, हातात वाकणाऱ्या. दिरांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घरचा पहिला संगणक आणला, तेव्हा त्याबरोबर काही खेळही रीतसर पावती करून विकत घेतले होते. त्या खेळांच्या प्रती काढून ठेवायचं आता पुतण्याच्या मनात आहे. तो म्हणाला, "काकू, आणखी दोन-चार पावसाळे गेले की यातलं काही उरायचं नाही. पण कंपनीनं यांना लॉक घातलंय. तूच सांग, ते चुकवून कॉपी केली तर ती चोरी का?"

पोराचा प्रश्न समजायचा तर ही वस्तू आधी नीट बघायला हवी. फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकची पातळ तबकडी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर. 360 किलोबाइटच्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला 40 वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात 9 कप्पे आणि कप्प्यात 512 अक्षरं मावतील एवढी जागा. आमच्याकडच्या दमट हवेत त्या थरावर पांढरी बुरशी धरते. तशी तबकडी यंत्रात घातली की वाचणारं हेडच तो थर खरवडून काढतं. म्हणजे वाचायला जावं आणि वाचता वाचताच पुसलं जावं.

कुलूपही याच थरावर असे. संगणकाची कॉपी करण्याची साधी आज्ञा ठरलेल्या जागाच वाचते. म्हणून कंपन्या 40 वर्तुळांच्या पलीकडे आणखी एक वर्तुळ लिहीत, एखादा कप्पा मुद्दाम बिघडवून ठेवीत, किंवा चुंबकीय खूण इतकी कच्ची ठेवीत की दर वाचनात ती वेगळी यावी. खेळ सुरू होताना आधी ती खोड तपासली जाई. प्रतीत खोड नसे, म्हणून प्रत नकली ठरे. अस्सलपणाची ओळख म्हणून मुद्दाम दोष लिहायचा, असा तो उलटा प्रकार होता. काहींनी कुलूप कागदावर ठेवलं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मध्ये पहिला टप्पा पार केला की पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं आद्याक्षर लागे. ते चुकलं की राजपुत्राच्या वाट्याला विष येई. पुस्तिका वाळवीनं खाल्ली की विकत घेतलेला खेळही तिथंच थांबला.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 आज्ञावलीची प्रत रीतसर जवळ असलेल्याला, ती हरवू वा बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढू देतं. 2012 साली कलम 65-अ आलं आणि असं कुलूप तोडणं गुन्हा ठरलं, पण हक्क बुडवण्याच्या हेतूनं तोडलं तर. अमेरिकेतही 1988 मध्ये 'व्हॉल्ट विरुद्ध क्वेड' या खटल्यात न्यायालयानं निकाल दिला तो कुलूप चुकवून प्रत काढणारं साधन विकणाऱ्याच्या बाजूनं. पण कायद्यातून सुटलं म्हणजे व्रतातून सुटलं असं होत नाही.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: चोराला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम ओलांडणं, मापात कमी-जास्त करणं आणि नकली माल अस्सल म्हणून खपवणं. आपला समाज व्यापारी, म्हणून यातले बहुतेक दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसासाठीच आहेत. कोऱ्या फ्लॉपीवर खेळ उतरवून विकणारा आणि तो स्वस्तात घेणारा दोघेही यात सापडतात, त्याबद्दल मला शंका नाही. खेळ लिहिणारी कितीदा एक-दोन तरुण मुलंच असत. वर्षभराचे कष्ट आठवड्याभरात फुकट वाटले गेले तर त्यांनी खायचं काय? कुलूप लावणाऱ्याचं भय खरं होतं.

पण मापाचा अतिचार विकणाऱ्यालाही लागू होतो. तबकडी मरणार हे त्याला ठाऊक आहे. किंमत तो पुरी घेतो आणि ती जगवायची वाट मात्र बंद करून ठेवतो. तागडीखाली अंगठा लावणं याहून फार वेगळं आहे का?

प्रत काढणं हे आपल्याकडे पाप कधीच नव्हतं, पुण्य होतं. दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून वाटल्या. श्रुतपंचमीला, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, पोथ्या बाहेर काढायच्या, पुसायच्या, नव्या वेष्टनात बांधायच्या. आमच्याकडे ती येते ऐन पावसाच्या तोंडावर. ज्यानं कुणी ही तिथी ठरवली त्याला बुरशी माहीत असणार.

तरीही कुलूप आपण लावलंच. ज्या षट्खंडागमाच्या पूर्ततेसाठी ही पंचमी पाळतो, त्याची धवला टीकेसह ताडपत्रं शतकानुशतकं एकट्या मूडबिद्रीत होती. तोही किनारा, तोही पाऊस. लोक जात, दर्शन घेत, परत येत. वाचायला कुणाला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीनं नकला सुरू झाल्या, पण त्या तिथून बाहेर न्यायच्या नाहीत या अटीवर. त्या कामावरच्या गजपती शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं लपून एक कानडी प्रत केली. ती सहारनपूरला गेली. तिथं तिची नागरी प्रत होताना सीताराम शास्त्रींनी गुपचूप आणखी एक ठेवून घेतली. तिच्यावरून गावोगाव प्रती झाल्या आणि 1939 साली अमरावतीहून प्रा. हीरालाल जैन यांनी पहिला खंड छापून काढला.

कुलूप दोनदा चुकवलं गेलं, दोन्ही वेळा लपून. आज आपल्या कपाटात धवला आहे ती त्यामुळे. म्हणून लपणं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. दिलेला शब्द मोडला गेला, हे खरंच आहे. पण तसा शब्द मागणाऱ्यांनीही शास्त्राला अंधारात ठेवलं होतं, हेही खरं. आणि गोष्ट इथं संपत नाही. छापताना 93 व्या सूत्रात एक शब्द गळल्यासारखा संपादकांना वाटला: 'संजद', म्हणजे संयत. सूत्र मनुष्यिणींबद्दलचं, म्हणजे बायकांना संयमाच्या कोणत्या पायरीपर्यंत जागा, याचं. पंडितांत मोठा वाद पेटला. पुढे मूडबिद्रीची दारं उघडली, ताडपत्राशी पाठ ताडून पाहिला, तर शब्द तिथं होता. तो भावस्त्रीबद्दल घ्यायचा की कसा यावर वाद आहेतच. पण नकलेच्या नकलेत नेमका तेवढाच शब्द हरवावा, हे माझ्यासारख्या बाईला सहज विसरता येत नाही. प्रत निघाली नसती तर ते सूत्र कुणी वाचलंच नसतं, आणि मूळ उघडलं नसतं तर तो शब्द परत आला नसता.

फ्लॉपीच्या बाबतीत हेच झालं. कुलूप तोडून फिरणाऱ्या खेळांत तोडणारे आपली नावं आधी झळकवीत, तपासणी काढून टाकीत, आणि कधी त्या तोडफोडीत पुढचा एखादा टप्पाच निकामी होई. आपला लेखनिक पोथीच्या शेवटी चुकांची क्षमा मागतो. नकल करणाऱ्याला तेवढं तरी भान हवं. आता अशी साधनं आहेत की ती तबकडीवरचा चुंबकीय बदल जसाच्या तसा टिपतात. बिघडवलेला कप्पा बिघडलेलाच उतरतो. कुलूप न तोडता कुलपासकट प्रत निघते. पुतण्याला मी हीच वाट धरायला सांगितलं.

यात कर्त्याचाही फायदाच असतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लिहिणाऱ्या जॉर्डन मेक्नर यांच्याकडे स्वतःच्याच खेळाची मूळ आज्ञावली राहिली नव्हती. 2012 साली वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपी सापडल्या, जाणकारांनी त्या मोठ्या काळजीनं वाचल्या, आणि मेक्नर यांनी ती आज्ञावली सगळ्यांसाठी खुली केली. कर्त्याचा हक्क कायद्यानं त्याच्यामागे 60 वर्षं टिकतो. ज्यावर तो हक्क सांगायचा ती तबकडी तेवढी टिकत नाही.

म्हणून माझं उत्तर असं. विकत घेतलेल्या वस्तूची राखण करणं हे देण्यातच दिलेलं आहे, ते वेगळं मागावं लागत नाही. पण राखण म्हणजे राखणच. मूळ फ्लॉपी, पुस्तिका, पावती जपायची. प्रत तिच्याशी ताडून पाहायची. ती विकायची नाही, अस्सल म्हणून कुणाला द्यायची नाही. कर्ता किंवा त्याचा वारस हयात असेल, तर चार लोकांना दाखवण्याआधी त्याला विचारायचं. आणि कधी उघडणारही नाही असे हजारो खेळ नुसते उतरवून भरत बसायचं नाही. तो अचौर्याचा प्रश्नच नव्हे, तो परिग्रह. तिथं मात्र कुलूप स्वतःलाच लावावं लागतं.