शेवटची भाकरी

जेवायला बसण्याआधी थोडा वेळ काढा. फार नको, तव्यावर एक भाकरी होते तेवढा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, टीव्ही बंद करा. डोळे मिटायचे नाहीत, कारण जे पाहायचं आहे ते समोरच्या ताटात आहे.

ताट सांगली जिल्ह्यातल्या कडेगावातल्या घरातलं आहे असं समजा. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, अख्ख्या मसुराची आमटी, हिरव्या मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. सणावाराचं काही नाही. मोहरमला इथले गगनचुंबी ताबूत पाहायला गावोगावची माणसं लोटतात, हिंदू-मुसलमान दोघं मिळून ते उचलतात. त्या दिवसांतलं गोडधोड वेगळं. आपल्याला रोजचंच ताट हवं आहे. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते.

भाकरी हातात घ्या. लगेच मोडू नका. वरचा पापुद्रा सुटलेला आहे, त्यावर तांबूस डाग आहेत. खालची बाजू जरा जाड, खरबरीत. बोटांना ऊब लागू द्या. सावकाश श्वास घ्या. आधी भाजल्याचा वास येईल, त्यामागून धान्याचा.

आता मनानं मागे जाऊ. भाकरी तव्यावर पडायच्या आधी ती परातीत होती. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पिठात कढत पाणी घालावं लागतं. मग तळहाताच्या टाचेनं पीठ रेटायचं, परत ओढायचं, परत रेटायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना कडा चिरतात. हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं. पहिल्या दोन रेट्यांतच हाताला कळतं. मग कोरडं पीठ भुरभुरून थापायला घ्यायचं. तळवा पडतो, भाकरी फिरते, तळवा पडतो, भाकरी फिरते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलथायची, आणि शेवटी तवा बाजूला सारून आराला लावायची. ती टम्म फुगते त्या क्षणावर मन ठेवा. तो क्षण भाकरी करणाऱ्या बाईनं आयुष्यात हजारो वेळा पाहिलेला असतो, तरीही भाकरी फुगली की तिची नजर एक क्षण तिथं थांबते. मला ती नजर फार मोलाची वाटते.

आणखी मागे जा. पिठाच्याही मागे, रानापर्यंत.

या रानात पूर्वी शाळू, हुलगा, भुईमूग असायचा. येरळा नदीच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख पावसावर जगणारा. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी, दोन्हींची चव त्यांच्या जिभेवर अजून असते. मिलोची भाकरी थापता थापता तुटायची, तरी लोकांनी ती खाल्ली आणि पोरं जगवली. मग ताकारी आणि टेंभूच्या उपसा योजना झाल्या. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून वर आलं. ज्यानं घागरीसाठी मैलभर पायपीट केली आहे त्याला त्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही, आणि त्या पाण्याबद्दल कुणी हळहळ करू नये असंच मला वाटतं. पण पाण्यामागून ऊस आला आणि शाळू मागे सरला. आज बाजारात चांगला शाळू गव्हापेक्षा महाग पडतो. कधीकाळी गरिबाची म्हणून जिला पाहुण्यापुढं वाढायला लाजत होते, तीच भाकरी आता हौसेनं मागून खाल्ली जाते.

ऊस आला, वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस तोडायला माणसं आली. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून टोळ्या येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत राहतात. रानाच्या कडेला कोप्यांचा, म्हणजे त्यांच्या झोपड्यांचा तळ पडतो. आपली भाकरी धरून आपण इथपर्यंत आलो आहोत. आता इथं थोडं थांबायचं आहे. घाई करू नका.

पहाटेचे तीन. पौषातली थंडी. एका कोपीसमोर तीन दगडांची चूल पेटते. सरपण म्हणजे बहुतेक पाचटच. पाचट भसकन पेटतं आणि बघता बघता राख होतं, म्हणून ती बाई एका हातानं जाळ सारखा ठेवते आणि दुसऱ्या हातानं भाकरी सांभाळते. पीठ बाजरीचं, गावाकडून आणलेल्या पोत्यातलं. दिवसभराच्या भाकऱ्या आत्ताच करायच्या असतात. फडावर चूल नसते. खर्डा, जमलं तर बेसन. भाजी बाजाराच्या दिवशी. कोपीत पोर झोपलेलं, त्याच्या उशाशी पाण्याचा हंडा. भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधली जाते आणि उजाडायच्या आत कोयते फडात पोचलेले असतात.

दहा-अकराच्या सुमाराला बांधावर फडकं सुटतं. उसाच्या पात्याच्या कडा करवतीसारख्या धारेच्या असतात. रोज ती पाती सोलून बोटांवर बारीक चिरा पडलेल्या असतात. त्याच बोटांनी खर्डा उचलायचा. मीठ आणि मिरची त्या चिरांत कशी लागत असेल, त्यावर क्षणभर मन ठेवा. दयेचा कढ आणू नका. त्यांना त्याचा काही उपयोग नाही. फक्त स्वतःच्या बोटांकडे बघा आणि कल्पना करा.

नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते, हिशेब तुटलेल्या टनांचा होतो. पहाटे तीनची चूल त्या हिशेबात कुठंच नाही. मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरली, उसाच्या शेंड्यांचे वाढे विकले, अंधार पडल्यावर तळावर परतलं, की दुसऱ्यांदा चूल पेटवायची. तीही हिशेबात नाही. गाडी रात्री उशिरा आली तर भरून द्यायला परत उठायचं. आपल्या चहातली साखर या दोन चुलींच्या मधल्या वेळात तयार होते. हे मला फार लागतं, आणि ते बोलून दाखवायला हवं.

आता तळावरून परत घरी या. कडेगावातल्या त्याच घरी. फरशीचा ओटा आहे, गॅस आहे, नळाला पाणी आहे. चुलीचा धूर गेला, हे फार चांगलं झालं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, ती शांतपणे बघा. आधी पोरं जेवतात, मग म्हातारी माणसं, मग घरधनी आणि पाहुणे. भाकऱ्या करणारी सगळ्यांच्या शेवटी. तिच्या वाट्याला येते ती परात खरवडून केलेली शेवटची भाकरी, आकारानं लहान, एका बाजूला जाड, तोवर गार झालेली. आमटीत तळाचा कट उरलेला असतो, मसूर संपलेला असतो. आणि कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, ‘मला गारच आवडते.’

तुमच्या घरात ती शेवटची भाकरी कोण खात आलं? आई, आजी, थोरली चुलती, बायको. चेहरा डोळ्यांपुढं येऊ द्या. त्यांना गरम भाकरी खाताना तुम्ही कधी पाहिलं आहे का, ते आठवा. आठवत नसेल तर तसंच बसून राहा, स्वतःला लगेच सोडवून घेऊ नका. मग पहिला घास मोडा, नीट चावून खा. शाळूला हलकी गोडी असते. ती दहा-बारा वेळा चावल्यावरच जिभेला लागते.

आज रात्री तवा तुम्ही सांभाळा. भाकरी वाकडी झाली तरी चालेल. फुगलेली पहिली भाकरी, जी रोज करते तिच्या ताटात वाढा आणि तिला आधी बसवा. आणि ज्यांच्या रानात या हंगामात तोड चालू आहे त्यांनी एकदा तळावर जाऊन यावं. प्यायचं पाणी किती लांबून आणावं लागतं, कोरडं सरपण आहे का, रात्री उजेड आहे का, एवढं बघावं, आणि जे नसेल ते त्याच दिवशी पोचतं करावं.